दोन आणे वायव्येला

टिपणाच्या कोपऱ्यात, बोटभर जागेत,
मोडीत लिहिलंय:
तिशीव. खूण, धुण्याचा दगड, ओढ्यात.
बस. कोरलेला बाण नाही, चुन्याचा बुरूज नाही.
कुणी मोजणीदार साखळी ओढत इथवर आला असेल
आणि एका दगडाच्या तीन अंगांना
तीन गावांच्या बायका धुणं आपटताना बघून
म्हणाला असेल, याहून पक्कं काय सापडणार?

हिवरटेक आणि धाकटी कुसूर आटपाडी तालुक्यात,
पलीकडची खडकवस्ती माणात.
एक नकाशा संस्थानी, एक इंग्रजी.
शेजारी ठेवले की मधे फट राहते,
जुन्या दाराला राहते तशी.
त्या फटीत वारा येतो, अर्ज येतात.
यंदाचा अर्ज पोपट मेटकऱ्यांचा,
मोजणी तातडीची,
सोलरवाल्यांना माळ भाड्यानं द्यायचाय.

ओढ्यात पाणी नव्हतं. दगडही नव्हता.
तो मेटकऱ्यांच्याच बोअरपाशी निघाला,
पालथा, त्याच्यावर ट्रॅक्टरची चाकं धुतात.
भानुदास ऐवळेंनी पहार घालून उताणा केला.
तीन बाजूंना तीन खळगे,
परातीएवढे, गुडघ्यासारखे गुळगुळीत.
खडकवस्तीकडचा जरा जास्तच खोल.
"वडलांनी आणलाय," मेटकरी म्हणाले, "पडूनच हुता."
मी काही बोलले नाही.
दगड हलला म्हणून बिंदू हलत नाही,
हे आम्हाला प्रशिक्षणात तिसऱ्याच दिवशी शिकवतात.

दहिवडीहून शौकत मुल्ला रोव्हर घेऊन आले.
आभाळातल्या चौदा उपग्रहांनी एकमतानं
वाळूत एक ठिपका दाखवला.
पंचांनी माना डोलावल्या. आम्ही खिळा मारला.

"हितं न्हाई गं."

ठकूबाई होनमाने. सकाळपासून शेरडं सोडून
बाभळीच्या बुडाशी बसलेली.
उठली, काठी टेकत ओढ्यात उतरली,
चार पावलं इकडं, एक तिकडं,
लुगड्याचा काठ वर खोवला
आणि वाळूत उकिडवी बसली.
"डाव्या कानावर ऊन. तोंड आटपाडीकडं.
फुडं सारजा, ह्या अंगाला कुसरंची मुकी सून,
तिचं नाव कुणी इचारलंच न्हाई.
तुमचा खिळा हाय तितं चिखल हुता,
तितं कोण बसंल?"
आणि तिचे हात आपोआप
नसलेलं कापड नसलेल्या दगडावर घासू लागले,
असे, की मुल्लांनी टोपी काढली,
का काढली ते त्यांनाही कळलं नसावं.

मी कपाटातून आणलेली जुनी साखळी सोडली.
तेहेतीस फूट, सोळा आणे.
खिळ्यापासून ठकूबाईपर्यंत
वायव्येला दोन आणे.
म्हणजे कोण किती खरं?
चौदा आणे यंत्र, की चौदा आणे म्हातारी?
सोळा आणे कुणाचंच भरेना.

नियम नियमाच्या जागी.
नवा दगड खिळ्यावर रोवला, घडीव,
तीन बाजूंना तीन गावांची अक्षरं, लाल रंगात.
मेटकऱ्यांनी चहा मागवला.
पंचनाम्यावर ठकूबाईनं अंगठा दिला,
शाई पदराला पुसली,
म्हणाली, "हा दगुड लई खरबरीत हाय. कापडं फाटतील."

रात्री कचेरीत नकाशा भरताना
शेऱ्याच्या रकान्यात मी टाइप केलं:
जुनी खूण वायव्येस दोन आणे.
संगणकाला आणे कळत नाहीत.
लाल चौकट आली. मीटरमध्ये भरा, तीन दशांश स्थळं.

भरलं.
१.२५७.
पुढं खुणेचं वर्णन मागतो तो,
झाड, दगड, विहीर, इतर.
मी "इतर" निवडलं, आणि लिहिलं,
बसलेली बाई, तोंड आटपाडीकडं.

अजून कुणी हरकत घेतलेली नाही.